९० पर्सेंटाइल म्हणजे नक्की किती?

तिरकसरेषा

टक्के आणि पर्सेंटाइल यांची गल्लत जुनीच आहे, तिच्यावर बोलून झालंय. तिच्यापेक्षा खोलवर रुतलेली एक गल्लत आहे, पर्सेंटाइल आणि पर्सेंटाइल रँक यांची. बोलताना दोन्ही एकमेकांच्या जागी वापरले तरी खपून जातं. आकडेमोड करायला बसलं की अडतं, कारण हे दोन उलट्या दिशेने विचारलेले प्रश्न आहेत.

हे दहा जणांचे गुण घ्या, चढत्या क्रमाने:

१२, १५, १८, १८, २१, २४, २४, २४, ३०, ३७

पहिला प्रश्न: गटातले ९० टक्के ज्याच्या खाली येतात असा गुण कोणता? याचं उत्तर गुणांत येणार. हा ९०वा पर्सेंटाइल. मोजमापाचं जे एकक असेल तेच त्याचं: गुण, सेंटिमीटर, किलो, सेकंद.

दुसरा प्रश्न: २४ गुण मिळवणाऱ्याच्या खाली गटातले किती टक्के आहेत? याचं उत्तर ० ते १०० यांच्यामध्ये कुठेतरी येणार आणि त्याला एकक नसणार. हा २४ चा पर्सेंटाइल रँक.

थोडक्यात, पहिल्यात स्थान दिलेलं असतं आणि किंमत शोधायची असते. दुसऱ्यात किंमत हातात असते आणि स्थान शोधायचं असतं. मध्यक म्हणजे ५०वा पर्सेंटाइल, चतुर्थक म्हणजे २५वा, ५०वा आणि ७५वा. शाळेत हे सगळं वेगवेगळ्या धड्यांत येतं म्हणून ते एकाच कुळातले आहेत हे लक्षात राहत नाही.

हा प्रकार रूढ केला ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी. १८८४ साली लंडनच्या आंतरराष्ट्रीय आरोग्य प्रदर्शनात त्यांनी मोजमापांची प्रयोगशाळा थाटली आणि ९,३३७ माणसांची उंची, वजन, श्वासाची क्षमता, हाताची ताकद, नजर असं बरंच काही मोजलं. मग प्रश्न पडला की ताकद आणि नजर एका पट्टीवर आणायची कशी? एक मोजायचं वजनात, दुसरी अंतरात. गटातल्या स्थानावर बोललं की ही अडचण संपते. (गाल्टन यांच्या वंशसुधाराच्या कल्पनांवर स्वतंत्र धागा काढून हवं तेवढं भांडू. इथे नको.)

या सोयीची किंमतही आहे. उद्या या दहाही जणांना पाच-पाच गुण वाढवून दिले तर सगळ्यांचे रँक जिथल्या तिथे राहतील. दहाही जणांनी विषय सोडून दिला आणि सारखेच घसरले, तरीही तसेच. रँकमधून कोण कोणाच्या पुढे हे कळतं. कोणाला किती येतं हे कळत नाही. आणि गट कोणता हे सांगितलं नाही तर ‘माझा रँक ८४’ हे वाक्य अर्धवटच राहतं.

प्रश्न, शंका, आक्षेप येऊ द्या.

उनाड

छान लिहिलंय. पण उदाहरणात स्वतःच मेख मारून ठेवली आहे. २४ तीन जणांना आहेत. त्यांच्या ‘खाली’ पाच जण, म्हणजे रँक ५०. पण मी जिथे वाचलं तिथे ‘तितके किंवा त्याहून कमी’ असं होतं. तसं धरलं तर आठ जण, रँक ८०. एकाच गुणाचे दोन रँक? तीस टक्क्यांचा फरक म्हणजे चेष्टा आहे का?

तिरकसरेषा

@उनाड, मेख मुद्दामच ठेवली होती, कोणी पकडतंय का ते बघत होतो. तिसरं उत्तरही आहे: ६५.

तिन्ही पद्धती प्रचारात आहेत. काटेकोर ‘खाली’ धरलं तर ५०. ‘तितके किंवा कमी’ धरलं तर ८०. आणि बरोबरीत असलेल्यांतले अर्धे खाली मोजायचे असं ठरवलं तर ५ अधिक १.५, भागिले १०, म्हणजे ६५. मानसशास्त्रीय आणि शैक्षणिक चाचण्यांच्या पुस्तकांत बहुधा ही तिसरी पद्धत भेटते, आणि मला तीच पटते. कारण साधं आहे. ती वरच्या आणि खालच्या टोकाला सारखी वागवते आणि तिने काढलेल्या सगळ्यांच्या रँकची सरासरी नेहमी बरोबर ५० येते. बाकी दोन्हींत ती एका बाजूला झुकते.

तीस टक्क्यांचा फरक दिसतोय तो गट दहाचा आणि त्यातले तिघे एकाच गुणावर म्हणून. एक लाखाच्या गटात एका गुणावर दोनशे जण असले तर तिन्ही पद्धतींतला जास्तीत जास्त फरक ०.२. दहा माणसांच्या गटात पर्सेंटाइल रँक काढणं हेच मुळात हौसेचं काम आहे. तिथे सरळ ‘दहांत तिसरा’ म्हणावं.

उनाड

बरं. मग १०० पर्सेंटाइल मिळतो की नाही? की स्वतःच्या खाली स्वतः कसा येणार असला वाद आहे?

तिरकसरेषा

तोच वाद आहे. :) ३७ वाल्याचे रँक अनुक्रमे ९०, १०० आणि ९५. म्हणजे ‘तितके किंवा कमी’ धरलं की पहिल्याला हक्काचे १००, आणि इतर दोन पद्धतींत १०० कोणालाच नाही. मोठ्या गटात ९९.९९ काहीतरी येतं, बाकी काही नाही. निकालावर १०० दिसले तर संस्थेची व्याख्या काय आहे तेवढं बघायचं. त्याचा अर्थ पैकीच्या पैकी गुण असा मात्र होत नाही. वरच्या गटात ३७ हे ५० पैकी असले तरी त्याला १०० मिळू शकतात.

आकडेभूल

माझी अडचण दुसऱ्या बाजूची आहे. तुमचेच दहा आकडे एक्सेलमध्ये टाकले आणि ९०वा पर्सेंटाइल मागितला. ‘पर्सेंटाइल डॉट इन्क’ म्हणतं ३०.७. ‘पर्सेंटाइल डॉट एक्स्क’ म्हणतं ३६.३. आमच्या वर्गातल्या टिपणांप्रमाणे हाताने काढलं तर ३०. ३०.७ आणि ३६.३ तर कोणाला मिळालेलेही नाहीत! यातलं खरं कोणतं?

बिंदूगामी

तिन्ही खरी. दहा जणांत दहाव्या आणि नवव्या माणसाच्या मध्ये मोकळी जागा आहे आणि ९०वा पर्सेंटाइल नेमका त्या मोकळ्या जागेत पडतो. जागा कशी भरायची यावर एकमत नाही.

टिपणातली पद्धत: १० चे ९० टक्के म्हणजे ९, तर नववी संख्या घ्या, ३०. अपूर्णांक आला तर वरच्या पूर्णांकावर जायचं. ही पद्धत नेहमी यादीतलीच संख्या देते.

इन्कची पद्धत: पहिल्या माणसाला ० आणि शेवटच्याला १०० मानायचं. दहा माणसांत नऊ अंतरं. नवाचे ९० टक्के ८.१, त्यात १ मिळवून स्थान ९.१. म्हणजे ३० च्या पुढे सातचा दहावा हिस्सा, ३०.७.

एक्स्कची पद्धत: हे दहा जण मोठ्या समूहातून उचललेले आहेत, त्यांच्या खाली आणि वर आणखी कोणी असणारच असं मानायचं. म्हणून १० ऐवजी ११ चे ९० टक्के, स्थान ९.९, उत्तर ३६.३. याच कारणाने दहा आकड्यांत एक्स्कला ९५वा पर्सेंटाइल मागितला तर ते चक्क नम एरर देतं. स्थान १०.४५ येतं आणि अकरावा माणूस यादीत नाही. मला ही एरर आवडते. इतक्या तुटपुंज्या माहितीवर ९५वा मागू नका असंच ती सांगते.

रॉब हिंडमन आणि यानान फॅन यांनी १९९६ मध्ये ‘द अमेरिकन स्टॅटिस्टिशियन’मध्ये संगणकी पॅकेजांतल्या अशा व्याख्या गोळा केल्या, त्या नऊ निघाल्या. ‘आर’ या भाषेत त्या नऊच्या नऊ क्रमांकाने निवडता येतात. काही सांगितलं नाही तर ती सातवी वापरते, आणि ती म्हणजे एक्सेलचं इन्क.

अहवालात कोणती पद्धत वापरली ते एका ओळीत लिहा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा. हजारभर आकडे असले आणि अगदी टोकाचा पर्सेंटाइल नको असला तर फरक सहसा दखल घेण्याजोगा उरत नाही.

आकडेभूल

धन्यवाद! आणखी एक गंमत आत्ता सापडली. एक्सेललाच ३० चा पर्सेंटाइल रँक विचारला तर ०.८८८ म्हणतं. तिरकसरेषा यांच्या अर्ध्याच्या पद्धतीने तो ८५ येतो.

बिंदूगामी

८ खाली, १ वर, म्हणून ८ भागिले ९. इन्कचंच नातेवाईक आहे ते. शिवाय तीन दशांश स्थळांनंतर तोडून टाकतं, पूर्णांकित करत नाही, नाहीतर ०.८८९ दिसलं असतं.

रातवा

मी गणितातली नाही, पण प्रश्न आहे. बाळाच्या वाढीच्या तक्त्यावर वजन १५व्या पर्सेंटाइलवर आहे. डॉक्टर म्हणाल्या उत्तम चाललंय. घरात मात्र सगळ्यांना ‘१५ म्हणजे नापास’ असं वाटतंय. मला स्वतःला पटतंय, पण समजावून सांगता येत नाही.

तिरकसरेषा

@रातवा, घरच्यांना असं सांगून बघा: त्याच वयाची शंभर निरोगी बाळं वजनाने रांगेत उभी केली (रांगली तरी चालेल), तर तुमच्या बाळाच्या आधी साधारण पंधरा आणि नंतर पंच्याऐंशी. पंधराव्या जागी कोणीतरी असणारच, आणि ते बाळही निरोगीच आहे. इथे वरचा आकडा चांगला आणि खालचा वाईट अशी दिशाच नाही. ९७ च्या वरचं वजन बघून डॉक्टर टाळ्या वाजवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेचे पाच वर्षांपर्यंतच्या मुलांचे तक्ते २००६ मध्ये आले. त्यामागचा अभ्यास १९९७ ते २००३ या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांत झाला. स्तनपान मिळालेली, धूम्रपान न करणाऱ्या आईची, वाढ खुंटण्याची परिस्थिती नसलेली अशी मुलं मुद्दाम निवडली होती. म्हणजे तिथला गट ‘मुलं कशी वाढतात’ यापेक्षा ‘सगळं नीट असेल तर कशी वाढतात’ हे दाखवतो. त्या तक्त्यांवर सहसा ३, १५, ५०, ८५ आणि ९७ या रेषा असतात.

डॉक्टरांचं लक्ष एका बिंदूपेक्षा वाटचालीवर जास्त असतं. महिनोन्‌महिने १५ च्या आसपास चालणारं बाळ आणि ८५ वरून १५ वर उतरलेलं बाळ, दोघांचा आजचा आकडा एकच. काळजी दुसऱ्याची. तुमच्या बाळाबद्दल काय ते डॉक्टरच सांगतील, मी फक्त आकड्याचा अर्थ सांगतोय.

रातवा

शंभर बाळांची रांग घरात चालली. आभार. :)

उनाड

तक्त्यांवरून आठवलं. अमेरिकेत ज्या मुलांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) ९५व्या पर्सेंटाइलवर किंवा त्याच्या वर असतो त्यांना स्थूल म्हणतात. व्याख्येनेच ती ५ टक्के असायला हवीत ना? मग ‘तिथली सुमारे २० टक्के मुलं स्थूल’ हे कसं छापून येतं? माझ्या मते बातमी लिहिणाऱ्यांना गणित येत नाही.

बिंदूगामी

बातमी बरोबर आहे. २०१७ ते २०२० मधला आकडा १९.७ टक्के होता. ते ९५ आजच्या मुलांमधलं नाही. सीडीसीने (अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था) २००० मध्ये तक्ते केले ते त्याआधीच्या काही दशकांतल्या सर्वेक्षणांवरून, आणि सहा वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी १९८८ ते १९९४ ची वजनं मुद्दाम वगळली, कारण तोवर वजनं वाढायला लागली होती. पट्टी तिथे गोठवली. आजचं मूल कालच्या मुलांच्या रांगेत उभं केलं जातं. म्हणून कालच्या ९५च्या वर आज पाचऐवजी वीस टक्के असू शकतात.

दर वर्षी नवी रांग लावली असती तर दर वर्षी बरोबर ५ टक्केच स्थूल निघाले असते आणि वाढ झालेली कोणाला कळलीच नसती. धाग्याच्या सुरुवातीला ‘गट कोणता’ म्हटलंय, त्यात ‘गट कधीचा’ हेही धरा.

निळीशाई

मी शिकवते. दर सत्राला सहकाऱ्यांशी एकाच गोष्टीवरून वाजतं: दोन विषयांच्या पर्सेंटाइल रँकची सरासरी काढून एकत्रित रँक म्हणून लावतात. ५० आणि ९९, सरासरी ७४.५, झालं. हे चूक आहे एवढं मला माहीत आहे, पण किती चूक?

तिरकसरेषा

किती ते बघू. आधी एक पायरी. गुण प्रसामान्य वितरणात (घंटेसारखा आलेख, मधोमध गर्दी) आहेत, सरासरी ५०, प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा फैलाव मोजणारा आकडा) १० असं धरा. मग

५० गुण: रँक ५०
५५ गुण: रँक ६९
६० गुण: रँक ८४
७० गुण: रँक ९७.७
७५ गुण: रँक ९९.४

मध्यावर पाच गुण जास्त मिळवले की १९ जागा वर. टोकाला तेच पाच गुण मिळवले की दोन जागासुद्धा नाहीत. माणसं मधोमध दाटीवाटीने उभी आहेत आणि टोकाला विरळ, त्यामुळे रँकच्या पट्टीवरच्या खुणा समान अंतरावर नाहीत. अशा पट्टीवरचे आकडे मिळवून दोनाने भागायचे नसतात. याच कारणाने ‘रँक ७५ वरून ६० ला आला, म्हणजे १५ टक्के घसरण’ हेही निरर्थक.

तुमचं उदाहरण: ५० म्हणजे सरासरीपासून ० प्रमाण विचलनं, ९९ म्हणजे २.३३. यांची सरासरी १.१६, आणि तिचा रँक सुमारे ८८. साडेचौऱ्याहत्तर आणि अठ्ठ्याऐंशी, फरक एवढा.

बिंदूगामी

तिरकसरेषा, थांबा, ८८ वर मामला संपत नाही. दोन विषयांच्या सरासरीचं वितरण एका विषयापेक्षा अरुंद असतं, कारण दोन्हींत टोकाला असणारे कमी. दोन विषयांचा एकमेकांशी अजिबात संबंध नसेल तर सरासरीचं प्रमाण विचलन ०.७०७ पटीवर येतं. १.१६३ भागिले ०.७०७ म्हणजे १.६४५, आणि त्याचा रँक ९५.

म्हणजे ज्या मुलीला ७४.५ देऊन बसवलं, ती एकूण गुणांच्या रांगेत ९५ वर असू शकते. विषयांत संबंध असेल तर ८८ आणि ९५ च्या मध्ये कुठेतरी. ७५ च्या जवळपास कुठेच नाही.

@निळीशाई, उपाय सोपा आहे. आधी गुण एकत्र करा (विषयांची काठिण्यपातळी वेगळी असेल तर प्रमाणित करून), आणि रँक सगळ्यात शेवटी, एकदाच काढा.

निळीशाई

७४.५ विरुद्ध ९५! हे छापून शिक्षक-कक्षात लावणार आहे.

मुंगीवाट

आमच्याकडे सॉफ्टवेअरमध्ये हाच गुन्हा रोज घडतो. सर्व्हरच्या प्रतिसादाचा वेळ सरासरीने मोजत नाहीत, पी९५, पी९९ ने, म्हणजे ९५व्या आणि ९९व्या पर्सेंटाइलने मोजतात. सरासरी १२० मिलिसेकंद बघून खूश व्हायचं आणि शंभरातल्या एका गिऱ्हाइकाला चार सेकंद ताटकळत ठेवायचं, हे टाळण्यासाठी. इथवर ठीक. मग डॅशबोर्डवर प्रत्येक सर्व्हरचा पी९९ येतो आणि कोणीतरी त्यांची सरासरी काढतं.

एका सर्व्हरवर एक लाख विनंत्या, पी९९ २०० मिलिसेकंद. दुसऱ्यावर फक्त एक हजार, पी९९ २,००० मिलिसेकंद. सरासरी १,१००. पण सगळ्या विनंत्या एका यादीत घातल्या तर एक लाख एक हजारांपैकी किमान ९९ हजार विनंत्या २०० मिलिसेकंदांच्या आत आहेत, म्हणजे ९८ टक्क्यांहून जास्त. १,१०० हा आकडा कशाचाच नाही. मूळ वेळा, किंवा निदान त्यांचा वारंवारतेचा आलेख साठवून ठेवावा लागतो. एकदा पर्सेंटाइल काढून मूळ माहिती फेकली की मागे फिरता येत नाही.

आणि ‘फक्त एक टक्का हळू’ म्हणून हलक्यात घेऊ नका. एक पान उघडायला मागे शंभर स्वतंत्र विनंत्या जात असतील, तर त्यातली एक तरी हळू निघण्याची शक्यता ६३ टक्के.

उनाड

इंटरनेटच्या घाऊक बिलातही ९५ वापरतात ना?

मुंगीवाट

हो, दर पाच मिनिटांनी वापर नोंदवतात. तीस दिवसांत ८,६४० नोंदी, त्यातल्या सगळ्यात मोठ्या ४३२ सोडून द्यायच्या, उरलेल्यांत जी सर्वात मोठी तिच्यावर बिल. म्हणजे महिन्यातले एकूण ३६ तास कितीही ओढा, फुकट.

पाणलहर

उशिरा आलो. एक धोक्याची सूचना देऊन जातो, कारण यात मुरलेली माणसंही घसरतात. आवाजाच्या मोजणीत एल९० म्हणजे ९० टक्के वेळ ज्याच्या *वर* आवाज होता ती पातळी. म्हणजे तुमच्या भाषेत तो १०वा पर्सेंटाइल, पार्श्वभूमीचा शांत आवाज. एल१० हा मोठा असतो. नद्यांच्या प्रवाहातही क्यू९५ हा उन्हाळी, आटलेल्या पाण्याचा आकडा असतो: ९५ टक्के वेळ प्रवाह याहून जास्त. दुसऱ्या शाखेतला अहवाल हातात आला की आकडा ‘खाली’ मोजलाय की ‘वर’, हे आधी तपासा.

बिंदूगामी

+१. हे माहीत नव्हतं.

कोरीपाटी

परीक्षा तोंडावर आहे म्हणून विचारते. आमच्याकडे सुटे आकडे नसतात, वर्गांतरांचा तक्ता असतो. तिथे पर्सेंटाइल आणि रँक दोन्ही कसे काढायचे? सूत्र पाठ आहे, पण उलटं विचारलं की गोंधळ होतो.

तिरकसरेषा

सूत्र बाजूला ठेव, चित्र बघ. एकूण २०० मुलं. ४० च्या खाली १२०. ४० ते ५० या वर्गात ४०. ही ४० मुलं त्या दहा गुणांत सारख्या अंतराने पसरली आहेत असं गृहीत धरायचं, सूत्रात याहून जास्त काही नाही.

७५वा पर्सेंटाइल: २०० चे ७५ टक्के म्हणजे १५०वं मूल हवं. १२० मागे टाकली, या वर्गात आणखी ३० पुढे जायचं. ४० पैकी ३०, म्हणजे पाऊण वर्ग. दहाचं पाऊण साडेसात. उत्तर ४७.५ गुण.

उलटा प्रश्न, ४६ चा रँक: वर्गात ६ गुण आत आलो, दहापैकी सहा, म्हणजे ४० मुलांपैकी २४ मागे. १२० आणि २४ मिळून १४४. २०० पैकी १४४, रँक ७२.

वर्ग ४०-४९, ५०-५९ असे तुटक दिले असतील तर आधी सीमा जोडून घे, म्हणजे ४० ऐवजी ३९.५ पासून सुरुवात. गुण तिथेच कापले जातात.

कोरीपाटी

३९.५ धरून ४६ चा रँक ७३ आला. बरोबर?

तिरकसरेषा

साडेसहा दशांश, २६ मुलं, १४६ भागिले २००. बरोबर.